मास्तरला शिकवायची वेळ

...नाही नाही, पायाकडे बघू नका, पायावर येते मी, सगळं सांगते, पण आधी मला एक सांगा, कुत्र्याला शिकवायची वेळ असते हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं होतं का? मला नव्हतं सांगितलं. पंच्याहत्तर वर्षांत मी पोरं शिकवली, गोऱ्हे औताला शिकवले, लाथ मारणारी म्हैस शिकवली, सून शिकवली, म्हणजे सून म्हणते तिनेच मला शिकवलं, असू दे, पण तेव्हा एक माणूस म्हणालं नाही की गजराबाई, थांब, आधी वेळ बघ. आणि आता ह्या वयात एका चार पायांच्यापायी मी ही अशी तुमच्यासमोर उभी... बघू नका म्हटलं ना पायाकडे.

बसा, ऐसपैस बसा. तुमच्यासाठी जरा शाळेतलं मराठी बोलते. चौथीपर्यंतचं आहे माझ्याकडे, पुरेल तेवढं पुरेल, संपलं की अहिराणी.

चौथीत शाळा का सुटली तेही सांगते, कारण तिथूनच माझं आणि वेळेचं वाकडं आहे. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, कडुनिंबाला टांगलेला. मास्तर दुपारी जेवून आले की खुर्चीत मागे रेलायचे, तोंड उघडं, एक चप्पल पायातून गळालेली, आणि जे घोरायचे ते थेट पाचला उठायचे. मी एक दिवस हळूच उठले आणि दोन वाजताच पाचची घंटा दिली. पोरं दप्तरं उचलून पसार. मास्तर जागे झाले तर शाळेत ते आणि एक शेळी. दुसऱ्या दिवशी माझ्या बापाला बोलावणं. बापाने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घंटा वाजाडता येस ना तुले? मंग बस व्हयनं शिक्षण." सुटली शाळा. चार वाजता दिली असती घंटा तर कुणाला पत्ताही लागला नसता. वेळ चुकली, दुसरं काय.

तर हा कुत्रा. गेल्या दिवाळीनंतर आमच्या दारात आला, एवढासा, तांबूस, एक कान उभा आणि एक आडवा. पहिल्या दिवशी दूध-भाकरी दिली तर खाऊन झाल्यावर मागे रेलला, तोंड उघडं टाकलं आणि घोरायला लागला. मी म्हटलं, अरे, हा तर आमचा मास्तर. पडलं नाव. माझी सून निर्मला, तिला हे आवडलं नाही. म्हणाली, "आत्याबाई, शाळाना मास्तर रोज रस्तावरथून जातस, तुम्ही वरडतस 'मास्तर, उष्टं खाई ले', काय वाटी त्यासले?" मी म्हटलं, काय वाटायचं, भूक लागली असेल तर येतील.

आता निर्मला तशी वाईट नाही. घर तिच्या हाताने चालतं, माझ्या तोंडाने चालत नाही हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला दाखवून दिलं. पण मास्तरची एक खोड होती. उंबरा त्याला कळायचाच नाही. ओटा, ओसरी, मधलं घर, सैपाकघर, सगळं त्याचं. निर्मला भाकरी थापतेय आणि हा मागे उभा, परीक्षा घेतल्यासारखा. ह्या वर्षी आमच्या घरी कानबाई बसायची होती.

कानबाई तुमच्याकडे नसेल, सांगते. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर हिरवं वस्त्र, चौरंगावर अशी बसते की वाटतं आत्ता आपल्याला काहीतरी विचारेल. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, सुरतेचे सुरतेहून, पुण्याचे पुण्याहून. आधी घर धुऊन काढायचं, दळण घरातलं, पुरणाचे रोट घरातले, आणि ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. सख्ख्या शेजारणीला देत नाहीत, जिच्याकडून मीठ-मिरची उसनी आणतो तिलाही नाही. आणि इथे ह्या मास्तरचं नाक सैपाकघरात.

एका बुधवारी निर्मला कमरेला पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. "आत्याबाई, कानबाईले अकरा दिन ऱ्हायनात. त्या दिनले हाऊ कुत्रा उंबरा चढना, तं दुसरा दिन मी त्याले मन्हा भाऊकडे धाडसू."

तिचा भाऊ सारंगखेड्याला. तापीकाठी केळीचं वावर, तिथे राखणीला कुत्रा पाहिजेच होता त्याला. तिने माझ्यासमोर फोन लावला, आवाज मोठा ठेवून, मला ऐकू यावं म्हणून. तो म्हणाला, "धाडी दे ताई, साखळी शेच."

साखळी शेच. म्हणजे साखळी आधी, कुत्रा मागून. मी मास्तरकडे बघितलं, तो आपल्याच शेपटीवरची माशी धरायच्या नादात गोल फिरत होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दाढ दुखत होती. म्हणजे, मी तसं सांगितलं.

आता शिकवायचं ठरलं, पण कसं? माझी नात रोहिणी शहाद्याला कॉलेजात आहे, तिच्या मोबाइलमध्ये सगळं असतं. तिने एक माणूस काढून दिला, इस्त्रीचा शर्ट, बाजूला एक कुत्रा, तोही इस्त्री केल्यासारखा. तो माणूस गोड आवाजात म्हणतो, "नमस्कार श्वानप्रेमींनो, प्रशिक्षणासाठी सर्वांत महत्त्वाचं काय? योग्य वेळ निवडा." आणि तेवढ्यात दूध उतू गेलं, मी पळाले. येऊन बघते तर रोहिणी फोन घेऊन गेलेली. पण मी म्हटलं, पुरे, समजलं. योग्य वेळ. एवढंच ना?

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या बाईला कुणी योग्य वेळ बघ म्हटलं तर ती कुठे बघेल? भिंतीवर. गुजरात आमच्या कुडाला लागून, आमच्या किराणावाल्याचं कॅलेंडर तिकडून येतं, त्यात चौघडिया छापलेला. दीड-दीड तासाची खोपटी. अमृत, लाभ, शुभ ही चांगली. काळ, रोग, उद्वेग ही वाईट, तेव्हा काही करायचं नाही. मी पोरांची लग्नं चौघडियावर ठरवली, विहिरीची पहिली कुदळ चौघडियावर मारली, म्हटलं कुत्रा त्याहून मोठा आहे का? चष्मा लावला, बोट ठेवलं. गुरुवार. अमृत किती वाजता? दुपारी दीड ते तीन. वा.

श्रावण खरा, पण पावसाने आठ दिवस दडी मारलेली, ओट्याच्या फरशीवर पापड भाजून निघाला असता. मास्तर माठाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेला, जीभ बाहेर, डोळे अर्धे. मी काठी टेकत गेले, म्हटलं, "मास्तर, बस." तो बसलेलाच होता, बसलेला काय, वाहून गेलेला. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, म्हातारीला ऊन लागलेलं दिसतंय, आणि मिटला. मी म्हटलं, असं नाही, आधी उठ आणि मग बस. त्याला उठवण्यात पाऊण तास गेला. शेवटी मीच घामाघूम होऊन त्याच्या शेजारी ओल्या मातीत बसले. म्हणजे बसणं शिकलं कुणीतरी. आणि निर्मला दारातून, "आत्याबाई, कोन कोनले शिकाडी ऱ्हायनं?" वेळ चुकली, दुसरं काय.

शुक्रवारी अमृत नऊ ते साडेदहा. हे बरं होतं, ऊन नाही. पण नऊला गावात काय असतं? रेवजीच्या शेळ्या. साठ शेळ्या, आमच्या दारावरून रानात जातात, गळ्यात घुंगरू, मागे रेवजी. मी नुकतं म्हटलंय "मास्तर, बस", आणि घुंगरू वाजलं. मास्तर हवेत. शेळ्या चारी दिशांना, एक शेळी सरपंचांच्या ओट्यावर चढली, आणि मी ओट्यावरून बोंबलतेय, बस, बस, अरे बस, पंधरा वेळा म्हटलं असेल. मास्तर बसला नाही. रेवजी तेवढा थांबला, फेटा काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "गजराबाई, तो नही बठस, मी बठू का?"

तासाभराने मास्तर परत आला, शेपटी हलवत, कानात कुसळं, इतका खूश की जणू नोकरी लागली. आणि मी काय केलं? झाडू घेऊन दोन दिले. मग तो जो गेला तो दिवेलागणीपर्यंत गोठ्यामागून बाहेर आला नाही. मी हाका मारतेय, भाकरी दाखवतेय, तो लांबून झाडूकडे बघतोय.

शनिवारी शुभ साडेसातला. पण सातला त्याने दूध-भाकरी हाणलेली, पोट टम्म, मागे रेलला, तोंड उघडलं. जेवलेल्या मास्तरला काही शिकवता येत नाही, हे मला चौथीपासून माहीत असायला हवं होतं.

आणि ह्या सगळ्यात उंबरा? तो चालूच. मास्तर आत घुसला की निर्मलाच्या आधी त्याला बाहेर काढायला मी काय करायचे? भाकरीचा तुकडा दाखवायचे आणि बाहेर न्यायचे. तुकडा द्यायचा, तो खायचा, पुन्हा आत. पुन्हा तुकडा. मला वाटायचं किती गुणाचा आहे, तुकडा दाखवला की लगेच बाहेर येतो.

रविवारी रोहिणी माझ्याजवळ बसली. सात दिवस उरले होते. मी तिला सगळं सांगितलं, चौघडिया, शेळ्या, झाडू, तुकडा. ती पोरगी आधी ऐकत होती, मग ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली, मग भिंतीला टेकली. "आजी," म्हणाली, "तो मुहूर्ताविषयी बोलत नव्हता. कुत्र्याची वेळ बघायची, कॅलेंडरची नाही. जेवल्यावर नाही, उन्हात नाही, शेळ्या जात असताना नाही. थोडी भूक असेल, जागा असेल, आजूबाजूला गडबड नसेल, तेव्हा. आणि पाच मिनिटं, पाऊण तास नाही. आणि तुला राग आलेला असेल तेव्हा अजिबात नाही."

"आणि झाडू?"

"तो घरी आला आणि तू मारलंस. त्याला काय कळणार? घरी आलं की झाडू मिळतो."

"आणि भाकरी?"

"उंबरा ओलांडला की भाकरी मिळते. आजी, तू त्याला चार दिवस आत यायलाच शिकवतेयस. आणि चांगला शिकलाय तो."

मी गप्प. तुम्हाला सांगते, मी गप्प बसले की घरातल्यांना काळजी वाटते. रोहिणी म्हणाली, "आजी, तू कधी त्याला काही शिकवलंच नाहीस का, जे तो पटकन शिकला?"

आता... इकडे या जरा. हे बाहेर बोलू नका.

शिकवलं होतं. भर थंडीत. तीन दिवसांत शिकला होता.

माझा एक दीर आहे, भाईदास. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, शेजारच्याच घरात राहतो, आणि रोज दुपारी चारच्या ठोक्याला आमच्या ओट्यावर चहाला येतो. येतो तर येतो, उठत नाही. एकच गोष्ट, १९८० साली त्याने मारलेला साप, रोज एक हात लांब होतो. पौषात एकदा तो साप असाच लांबत होता, त्याने चपला खाली काढलेल्या, मास्तर पिल्लू होता, त्याने एक चप्पल तोंडात धरली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. मला हसू आलं, हसू दाबायला गेले तर खोकला आला, आणि हातात शेंगदाणे होते, एक फेकला मास्तरकडे. दुसऱ्या दिवशी, बघू तरी, म्हणून मी नुसती खोकले. आणली ना चप्पल. शेंगदाणा. तिसऱ्या दिवशी खोकले की पळालाच. चप्पल माझ्या बाजेखालच्या गोणीत, आणि भाईदास एका चपलेवर घरी.

माझ्याशी भांडू नका, गंमत होती. एकदाच करणार होते. पण तो दुसऱ्या दिवशी येऊन इतक्या गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, चोर भी कसा शे, एकच चप्पल लई जास. त्याले एकच पाय शे का काय?" आता असं म्हटल्यावर कोण थांबेल? पुढे त्याने तळोद्याच्या बाजारातून नव्या आणल्या, मग त्यातली एक गेली. मग त्याने अक्कल लढवली, दोन पायांत दोन वेगळ्या, एक हिरव्या पट्ट्याची, एक काळी, म्हणजे चोराला जोड लागायला नको. मग पिशवीत घालून मांडीवर घेऊन चहा प्यायला लागला. तरी विसरायचा कधीतरी. श्रावणापर्यंत गोणीत अकरा झाल्या होत्या.

तर रोहिणीने विचारलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. चार वाजता. मास्तर झोपून उठलेला, सकाळची भाकरी जिरलेली, शेळ्या रानात, ऊन उतरलेलं, मी खुशीत, हातात शेंगदाणे. तीच वेळ होती. मी कॅलेंडरात बघितलं, गुरुवारी त्या खोपट्यात काय लिहिलंय? काळ. बरोबरच आहे म्हटलं, त्याच वेळी भाईदास येतो.

सोमवारपासून लागले. रोहिणी सांगे तसं. मास्तर उंबऱ्याशी आला, क्षणभर थबकला की त्याच क्षणी "शाबास" आणि शेंगदाणा. त्याच क्षणी, बरं का, मागून नाही, पुढून नाही. पुढे पाऊल टाकलं तर काही नाही, ओरडा नाही, भाकरी नाही. पाच मिनिटं, मग बंद. भाईदास पिशवी मांडीवर घेऊन बघत बसायचा. "वहिनी, तुन्हामा भी मास्तरीणनी हुशारी शे वं." मला इतकं बरं वाटलं, आणि गोणीची आठवण येऊन इतकं वाईट वाटलं, की मी त्याच्या चहात साखर जास्त घातली.

एकच जाच. खोकायची चोरी. उंबरा शिकवताना मी खोकले तर तो चप्पल आणायला पळणार, सगळा धडा वाया. म्हणून सहा दिवस मी खोकला गिळत होते. ह्या वयात खोकला गिळायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायला अजून तीस वर्षं जायची आहेत.

शनिवारी निर्मलाने स्वतः परीक्षा घेतली. गरम भाकरीला तूप लावून सैपाकघराच्या मधोमध ठेवली आणि बाजूला झाली. मास्तर उंबऱ्याशी आला, बसला, जिभेवरून लाळ, डोळे भाकरीवर, पाय थरथरतायत, पण बसला. निर्मला बराच वेळ बघत राहिली. संध्याकाळी भावाचा फोन आला तर म्हणाली, "आते येऊ नको, उद्याना दिन जाऊ दे."

रविवार उजाडला. कानबाई बसली. घरात चाळीस माणसं, सुरतेच्या सुना, पुण्याचे जावई, अंगणात चपलांचा ढीग. भाईदासने पिशवी आणलेली, पण देवीसमोर चपलांची पिशवी घेऊन बसता येतं का? त्याची बायको शांतीबाई डोळे वटारते म्हटल्यावर त्याने त्या दोन वेगळ्या चपला अंगणाच्या पार कडेला, तुळशीमागे लपवल्या आणि तीन वेळा मागे वळून बघितलं. मास्तर उंबऱ्याबाहेर, शहाण्यासारखा. रोटांचा वास सगळ्या घरात भरलेला, आणि तो हलला नाही. मला आत असा अभिमान, अशी छाती भरून आलेली... आणि तिथेच घात झाला. धूप पेटवला कुणीतरी. सुरतेहून आणलेला, चांगल्यातला, ढीगभर. धूर थेट माझ्या छातीत.

आरती चाललेली, मी सगळ्यांत पुढे, मोठी म्हणून. खोकला आला. दाबला. पुन्हा आला. ओठ घट्ट मिटले, पदर तोंडात कोंबला. आता मी खोकले आणि मास्तर सवयीने चप्पल घेऊन देवीसमोर आत आला, तर? संपलं. साखळी शेच. मी श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी, खांदे उडायला लागले, मान हलायला लागली, अंग सगळं थरथर...

आणि शांतीबाई किंचाळली, "माय उनी वं, गजराबाईना अंगमा कानबाई उनी."

झालं. आरती थांबली. चाळीस माणसांनी हात जोडले. माझ्या कपाळावर मूठभर कुंकू, डोक्यावर हळद, ती नाकात गेली. मी मानेने नाही-नाही म्हणतेय, तर मान हलतेय म्हणून आणखी खात्री पटतेय. शांतीबाई माझ्या पायांवर, "माय, काय चुकनं आम्हनं?" पुण्याचा जावई फोन काढून शूटिंग करतोय. मी चौरंगावरच्या खऱ्या कानबाईकडे बघतेय, माय, तुझी शपथ, मी काहीही बोललेले नाही, मला बोलताच येत नाही.

आणि तेवढ्यात भाईदास पुढे आला. सत्तरीच्या पुढचा माणूस, टोपी काढलेली, डोळ्यांत पाणी. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"माय," म्हणाला, "आठ महिना व्हयनात. मन्ह्या चपला कोन लई जास? घरमा कोन्हाले सांगाना तं हासतस. तुले बठ्ठं ठाऊक शे. आज तू सांग."

आता ह्याच्यावर माणूस किती दाबणार?

सुटला. असा खोकला सुटला की देवीच्या पदराची घडी हलली असेल. खॉक, खॉक, खॉक. आणि मला अंगणातून नखांचा आवाज ऐकू आला, तुळशीकडे, मग परत दाराकडे. सगळ्यांनी वळून बघितलं. मास्तर धावत आला, तोंडात हिरव्या पट्ट्याची चप्पल, कान वाऱ्यावर, आणि मी डोळे मिटले. आता येतो आत. आता येतोच.

आवाज थांबला.

डोळे उघडले. मास्तर उंबऱ्यावर. बाहेरच्या बाजूला. बसलेला, ताठ, तोंडात भाईदासची चप्पल, शेपटी फरशीवर आपटतेय, आणि माझ्याकडे बघतोय. पुढचा पाय उंबऱ्याला टेकलेला नाही. रोटांचा वास, चाळीस माणसं, धूर, आणि तो बसलाय.

आणि तुम्हाला सांगते, मी काही केलं नाही, माझ्या हाताने केलं. हात आपोआप कनवटीला गेला, शेंगदाणा काढला, आणि सगळ्या भाऊबंदकीसमोर, कपाळाला मूठभर कुंकू लावलेल्या मी, "शाबास" म्हणून फेकला. मास्तरने चप्पल टाकली आणि तो वरच्या वर झेलला.

आयुष्यात पहिल्यांदा वेळ अचूक साधली बघा. त्याच क्षणी. मागून नाही, पुढून नाही.

भाईदासने चपलेकडे बघितलं. मास्तरकडे बघितलं. माझ्या कनवटीकडे बघितलं. मग हळू आवाजात, देवीला विचारावं तसं विचारलं, "बाकीन्या कोठे शेतस, वहिनी?"

"बाजेखाली," मी म्हटलं. "गोणीमा."

मग जो हशा उठला तो गावाच्या वेशीपर्यंत गेला असेल. शांतीबाईने माझ्या पायांवरचं डोकं काढून घेतलं आणि कपाळावरचं कुंकूही मागे घेता आलं तर घेतलं असतं. निर्मला एकटी हसत नव्हती, ती उंबऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "काही भी म्हना, तो उंबरा नही चढना." आणि आत जाऊन तिने भावाला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवून. "साखळी राहू दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाचत-गात कानबाई नदीवर बोळवली. हात जोडून म्हटलं, माय, माझी चूक पोटात घाल, कुत्रा ठेवलास, मला दुसरं काही नको. खरंच नको होतं.

भाईदास मला एका शब्दाने बोलला नाही. अकरा चपला मोजून घेतल्या, घरी गेला. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. मंगळवारी चारच्या ठोक्याला आला, ओट्यावर बसला. पिशवी नाही, चपला पायात. चहा घेतला. १९८० चा साप काढला. आणि मधेच थांबून, माझ्याकडे न बघता, एकदा खोकला.

मी म्हटलं, धूप नाही, मिरची नाही, हा का खोकतोय?

मास्तर उठला. माझ्या बाजेशी गेला. परत आला आणि माझी चप्पल भाईदासच्या पायाशी ठेवली. भाईदासने शर्टाच्या खिशात हात घातला. शेंगदाणे भाजलेले होते, मीठ लावलेले. मी साधे द्यायचे.

रोज येतो आता. वेळ त्याने बरोबर धरली आहे, मीच तर सहा दिवस त्याच्यासमोर शिकवत होते. चप्पल कुठे ठेवतो विचारलं तर म्हणतो, "वहिनी, चोर कोन शे, माले काय ठाऊक?"

आज इथे तुम्हाला गोष्ट सांगायला यायचं म्हणून मी मुद्दाम साडेतीनलाच निघणार होते. पण चहा टाकला, म्हटलं दोन घोट घेऊन जाऊ... तर चार वाजले.

आता बघा पायाकडे. हो, चप्पल एकच आहे. वेळ चुकली, दुसरं काय.